वाचकांचे प्रश्न : झिजलेला, अडकलेला आणि तुटलेला बोल्ट

गाडीची किरकोळ देखभाल घरी करणाऱ्या वाचकांच्या पत्रांत या वेळी एकच तक्रार निरनिराळ्या रूपांत आली आहे. बोल्ट निघत नाही. मात्र ‘निघत नाही’ या दोन शब्दांत तीन वेगळे दोष दडलेले असतात. कधी डोक्याचे कोपरे गेलेले असतात, कधी गंजाने आटे धरलेले असतात, तर कधी आटेच उरलेले नसतात. तिन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे प्रश्नही वेगवेगळे घेतले आहेत.

प्रश्न : मी इंजिन ऑइल घरीच बदलतो. या वेळी ड्रेन प्लग (ऑइल काढण्यासाठीचा चेंबरच्या तळाचा बोल्ट) सोडवताना १४ मिलिमीटरचा रिंग पाना घसरला. मग ॲडजस्टेबल पाना लावून पाहिला, तर डोक्याचे कोपरे जवळजवळ गोल झाले. ऑइल चेंबर ॲल्युमिनियमचा आहे. प्लग गळत नाही, पण आता कोणताच पाना धरत नाही. घरी काय करता येईल?

उत्तर : प्लग गळत नाही आणि ऑइल अजून आत आहे, म्हणजे गाडी चालवण्याजोगी आहे, तेव्हा आज रात्रीच हा प्लग निघाला पाहिजे असे काहीही नाही. हे आधी सांगण्याचे कारण असे की, डोके गोल होण्यातला निम्मा भाग घाईचा असतो. पाना घसरला की माणूस तोच पाना अधिक जोराने पुन्हा लावतो आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यावरचा थोडा धातू खरवडला जातो. डोक्यावर उरलेला धातू ही आपली शिल्लक पुंजी आहे, आणि ती फसव्या अवजारांवर उधळून झाल्यावर योग्य अवजार आणून काही उपयोग होत नाही. ‘आधी साधे उपाय करू, खास अवजार शेवटी’ हा क्रम म्हणूनच मला मान्य नाही. हाती असलेले किंवा मिळवता येण्यासारखे सर्वांत घट्ट बसणारे अवजार पहिल्याच प्रयत्नात लावावे.

पुढे जाण्यापूर्वी दिशा तपासावी. गाडीखाली उताणे पडून काम करताना भल्याभल्यांची दिशा चुकते आणि प्लग सोडवण्याऐवजी आणखी आवळला जातो. प्लगच्या डोक्याकडे समोरून पाहत आहोत अशी कल्पना करून घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचे, एवढाच नियम आहे. डोके जमिनीकडे असो वा गाडीच्या मागच्या बाजूकडे, तो बदलत नाही. नंतर टॉर्चच्या उजेडात डोके जवळून पाहावे. सहाही कोपऱ्यांवर एकाच बाजूला चकाकी आणि दुसऱ्या बाजूला दुमडलेल्या धातूची बारीक कड दिसली, तर जोर एकाच दिशेने लागला आहे असे समजावे. चकाकी दोन्ही बाजूंना असेल, तर मधल्या वेळात प्लग उलट आवळलाही गेला आहे.

आपला रिंग पाना बहुधा बारा पॉइंटचा, म्हणजे आतून बारा कोपऱ्यांचा असावा. असा पाना बोल्टला कोपऱ्यांच्या अगदी टोकाजवळ टेकतो. कोपरा किंचित झिजलेला असला, तरी टेकायला जागा उरत नाही आणि पाना निसटतो. सहा पॉइंटचे सॉकेट कोपऱ्यापासून थोडे आत, सपाट बाजूवर दाब देते. त्यामुळे बारा पॉइंटचा पाना घसरला, तरी त्याच मापाचे सहा पॉइंटचे सॉकेट पुष्कळदा धरते. ॲडजस्टेबल पान्याचे जबडे जोर लागताच किंचित उघडतात. अडकलेल्या बोल्टाला तो लावूच नये.

येथे एका बारकाव्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बहुतेक सॉकेटच्या तोंडाशी आतल्या बाजूने उतार दिलेला असतो, म्हणजे ते बोल्टावर सहज सरकावे. ड्रेन प्लगचे डोके बुटके असेल, तर त्या उतारामुळे सॉकेटची पकड खऱ्या अर्थाने डोक्याच्या वरच्या भागापुरतीच राहते. जुने सहा पॉइंटचे सॉकेट ग्राइंडरवर धरून तोंडाचा उतार संपेपर्यंत सपाट केले, तर ते डोक्याच्या मुळापर्यंत धरते. ज्यांना घरी वारंवार काम करावे लागते त्यांनी असे एक सॉकेट करून ठेवावे.

आपण वर्णन केल्याप्रमाणे कोपरे जवळजवळ गोल झाले असतील, तर मात्र मी सहा पॉइंटच्या सॉकेटवरही वेळ घालवणार नाही. थेट एक्स्ट्रॅक्टर सॉकेट घ्यावे. त्याच्या आतल्या भिंतीवर तिरप्या धारा असतात आणि त्या अशा कललेल्या असतात की, सोडवण्याच्या दिशेने फिरवताच सॉकेट डोक्यावर आणखी आत ओढले जाते आणि धारा धातूत रुततात. ते लावण्यापूर्वी डोके ब्रेक क्लीनरने आणि कोरड्या फडक्याने तेलविरहित करावे, दुमडलेली कड कानशीने काढावी आणि हलक्या हातोडीने दोन-तीन ठोके देऊन सॉकेट पूर्ण बसवावे. ठोके बोल्टाच्या रेषेतच द्यावेत. चेंबर ॲल्युमिनियमचा ओतीव आहे आणि तिरका जोरदार फटका बसल्यास त्याला तडा जाऊ शकतो. त्यानंतर एक हात सॉकेटच्या मुळाशी दाबून धरून दुसऱ्या हाताने लांब दांडा हळूहळू ताणत न्यावा. सॉकेट तिरके होत आहे असे वाटताच थांबून पुन्हा बसवावे.

एक्स्ट्रॅक्टर सॉकेट मिळतच नसेल, तर एक माप लहान असलेले सहा पॉइंटचे सॉकेट ठोकून बसवण्याची जुनी युक्ती आहे. १४ च्या डोक्यावर १३ चे सॉकेट बसू शकते. १३ च्या डोक्यावर अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे, आणि १० च्या डोक्यावर तीन अष्टमांश इंचाचे, म्हणजे साधारण ९.५ मिलिमीटरचे सॉकेट बसते. मात्र त्यासाठी जे ठोकावे लागते ते पोलादी भागावर चालते, ॲल्युमिनियमच्या चेंबरवर नाही. म्हणून आपल्या बाबतीत हा उपाय दुय्यम. छिन्नीने डोक्याची कड उलट दिशेने ठोकण्याचा सल्लाही आपल्याला कोणी तरी देईल. छिन्नी एकदा घसरली की चेंबरच्या बैठकीवर चर पडते आणि त्यानंतर नवा प्लगही गळू लागतो.

एक्स्ट्रॅक्टर सॉकेटही फिरून गेले, तर येथे थांबावे. पुढचा खात्रीचा उपाय म्हणजे डोक्यावर नट वेल्ड करून तो फिरवणे. ऑइलने भरलेल्या चेंबरखाली पडून हे काम घरी करायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. दरम्यान ऑइल बदलणे अडून राहत नाही. पुष्कळ गाड्यांत डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून सक्शन पंपाने वरूनच ऑइल काढता येते. प्लग निघाल्यावर तो पुन्हा वापरू नये. नवा प्लग, नवा वॉशर आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला टॉर्क (आवळताना द्यायचा पिळाचा जोर), या तिन्ही गोष्टी पाळाव्यात. ड्रेन प्लगचा टॉर्क अनेक गाड्यांत २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. लांब दांड्याचा पाना हाती असला की आपण त्याच्या किती तरी पुढे जातो, आणि आजची वेळ बहुधा मागच्या खेपेच्या अशाच आवळण्यामुळे आली असावी.

प्रश्न : सायलेन्सरजवळच्या उष्णतारोधक पत्र्याचे बोल्ट गंजले आहेत. डब्ल्यूडी-४० मारून लगेच पाना लावला, पण बोल्ट हलत नाहीत. ते तापवावेत असे एकाने सांगितले. तापवणे सुरक्षित आहे का?

उत्तर : डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये तयार झालेले मिश्रण मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी होते, त्याच्या नावातली अक्षरेही पाणी हटवण्याच्या इंग्रजी शब्दांची आणि ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. गंजलेल्या आट्यांत खोल शिरण्यासाठीच बनवलेले पेनिट्रेटिंग ऑइल त्याहून उपयोगी पडते. परंतु द्रव कोणताही असला तरी त्याला वेळ द्यावा लागतो. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आट्यांचा उघडा भाग घासून तेल सोडावे, झोपण्यापूर्वी पुन्हा सोडावे आणि सकाळी पाना लावण्याआधी डोक्यावरचे तेल पुसून घ्यावे. तेल आट्यांत हवे, पान्याच्या पकडीत नको.

तेल सोडल्यावर बोल्टाच्या डोक्यावर सरळ रेषेत काही खणखणीत ठोके द्यावेत. यामागे साधे गणित आहे. बोल्ट आवळताना आपण लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात आणि ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. बोल्ट ताणला जाण्याच्या कामी फक्त १० टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे सोडवतानाही आपली खरी झुंज या दोन घर्षणांशी असते, आणि डोक्याखाली धरलेला गंजाचा थर ठोक्यांनी फुटतो. त्यानंतर पाना एकाच दिशेने रेटत राहू नये. बोल्ट किंचित जरी हलला, तरी पाव फेरा सोडवावा, त्याच्या निम्मा परत आवळावा आणि पुन्हा तेल सोडावे. सोडवताना करकर आवाज येऊन जोर वाढू लागला, तर तो गंजाचा चुरा आट्यांत साचत असल्याचा इशारा असतो. उलट, बोल्ट मऊ आणि लवचीक लागू लागला, पाना फिरतो पण डोके जागेवर परत येते असे वाटले, तर बोल्ट पिळला जात आहे आणि तुटण्याच्या बेतात आहे. ही जाणीव हाताला एकदा झाली की पुन्हा विसरत नाही.

पत्र्याच्या बोल्टांना बहुधा १० मिलिमीटरचा पाना लागतो. म्हणजे ते एम ६ चे (आट्यांचा व्यास ६ मिलिमीटर) असतात. ८.८ या मजबुतीच्या वर्गातल्या एम ६ बोल्टाचा नेहमीचा टॉर्क १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. ३० सेंटिमीटर लांबीच्या दांड्यावर केवळ ५ किलोचा भार टाकला, तरी १५ न्यूटन-मीटर होतात. त्यामुळे अशा बोल्टावर पान्याच्या दांड्याला पाइप घालून जोर वाढवणे म्हणजे बोल्ट तोडण्याची तयारी करणे होय.

आता तापवण्याविषयी. उपाय प्रभावी आहे. तापमान १०० अंश सेल्सियसने वाढले तर १० मिलिमीटर व्यासाचे पोलादी छिद्र साधारण ०.०१२ मिलिमीटरने आणि ॲल्युमिनियमचे छिद्र ०.०२३ मिलिमीटरने मोठे होते. हे आकडे क्षुल्लक दिसतात, पण गंजाचा थर ठिसूळ असतो आणि त्याला तेवढी हालचाल पुरते. शक्य असेल तर बोल्टाऐवजी त्याच्याभोवतीचा नट किंवा भाग तापवावा. केवळ बोल्टच तापवता येत असेल, तर तो तापवून पूर्ण गार होऊ द्यावा. फुगून पुन्हा आकसताना गंजाची पकड सुटते. लाल रंगाचे कायमस्वरूपी थ्रेडलॉकर (आटे चिकटवून ठेवणारे रसायन) लावलेले बोल्ट मात्र गरम असतानाच फिरवावे लागतात, कारण ते रसायन सुमारे २५० अंशांपर्यंत तापल्यावर मऊ पडते.

सुरक्षिततेचे म्हणाल, तर उघडी ज्योत सायलेन्सरजवळ धरण्यापूर्वी इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, रबरी बुश आणि गाडीच्या तळाला लावलेला डांबरी थर कोठे आहे ते पाहावे. नुकतेच मारलेले पेनिट्रेटिंग ऑइल पेट घेते. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग तर मुळीच तापवू नये. त्याची वाफ अतितप्त धातूवर विघटित होऊन फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. डब्यावरची घटकांची यादी वाचावी. घरच्या कामासाठी ज्योतीपेक्षा बोल्टाभोवती बसणारे विजेचे इंडक्शन हीटर अधिक सुरक्षित असते, अर्थात ते उसने मिळत असेल तर.

प्रश्न : ब्रेक डिस्कवरच्या फिलिप्स स्क्रूची खाच पूर्ण गेली आहे. आता काय करावे?

उत्तर : फिलिप्स खाचेचा आकार उतरता असल्यामुळे जोर वाढला की स्क्रू ड्रायव्हर बाहेर ढकलला जातो. अशा स्क्रूला मुळातच हातोडीने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरायला हवा होता; ठोका टोक आत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतोही. खाच अर्धवट उरली असेल तर अजूनही तो लावून पाहावा. पूर्ण गेली असेल, तर स्क्रूचे डोके ड्रिलने उडवून टाकावे. बहुतेक गाड्यांत हे स्क्रू फक्त जुळणीच्या वेळी डिस्क जागेवर धरतात, तिला खरोखर पकडून ठेवतात ते चाकाचे बोल्ट किंवा नट. डोके गेले की कॅलिपर काढल्यावर डिस्क सुटते आणि उरलेला दांडा लॉकिंग पकडीने सहज फिरतो, कारण त्याच्यावर आता ताण नसतो. ॲलन बोल्टाची सहा कोनी खाच गोल झाली असेल, तर तिच्यात किंचित मोठे टॉर्क्स, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचे टोक ठोकून बसवावे.

प्रश्न : एम ८ चा बोल्ट पृष्ठभागाशी सपाट तुटला आहे. स्क्रू एक्स्ट्रॅक्टरचा संच आणला आहे. तो वापरताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : पहिली काळजी म्हणजे तो वापरावा की नाही हे ठरवणे. बोल्ट का तुटला याचा विचार करावा. तो जास्त आवळल्याने किंवा धक्क्याने तुटला असेल, तर आटे मोकळे असतात आणि एक्स्ट्रॅक्टर उत्तम काम करतो. पण गंजाने धरल्यामुळे पिळून तुटला असेल, तर जे काम अख्ख्या बोल्टाला जमले नाही ते त्याच्या पोटात बसणाऱ्या बारीक काडीला जमेल, ही अपेक्षा चुकीची आहे. गोल दांड्याची पीळ सहन करण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. त्याच धातूचा व्यास निम्मा केला की शक्ती एक अष्टमांश उरते. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो खरा, पण तो तितकाच ठिसूळही असतो. तो आत मोडला तर साध्या ड्रिलने छेदला जात नाही आणि मूळ दुखण्यापेक्षा मोठे दुखणे मागे लागते.

गंजलेल्या तुकड्यासाठी डावे ड्रिल घ्यावे, म्हणजे उलट दिशेने कापणारे. तुटका पृष्ठभाग कानशीने सपाट करून सेंटर पंचाने नेमका मध्य पाडावा. या एका टप्प्यावर हवा तेवढा वेळ घ्यावा, कारण छिद्र बाजूला सरकले तर पुढे काहीही साधत नाही. बारीक ड्रिलने सुरुवात करून मंद गतीने, तेल सोडत, छिद्र वाढवत न्यावे. पुष्कळदा ड्रिलची उष्णता, कंपने आणि उलटा फेरा यांमुळे तुकडा एक्स्ट्रॅक्टर न लावताच ड्रिलबरोबर बाहेर येतो. नाहीच आला, तर १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या एम ८ साठी छिद्र ६.८ मिलिमीटरपर्यंत वाढवावे. मध्य बिनचूक असेल, तर आट्यांत अडकलेले बोल्टाचे वेटोळे टोकदार अवजाराने उचकटून काढता येते आणि नंतर टॅप (आटे पाडण्याचे अवजार) फिरवून आटे साफ करता येतात. हे सर्व करताना डोळ्यांवर चष्मा हवा, आणि गाडीखाली जायचे असेल तर केवळ जॅकवर उभी असलेली गाडी चालणार नाही, ती स्टँडवर टेकवलेली हवी.

प्रश्न : माझा बोल्ट अडकलेला नाही, तो नुसताच फिरतो. आवळला जात नाही आणि बाहेरही येत नाही.

उत्तर : म्हणजे छिद्रातले आटे गेले आहेत. डोक्याखाली पातळ पटाशी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून डोके बाहेर ओढत असताना बोल्ट उलटा फिरवावा. उरलेल्या आट्यांना धरून तो बाहेर येतो. छिद्रासाठी माझी शिफारस तारेच्या स्प्रिंगसारख्या थ्रेड इन्सर्टची आहे. छिद्र संचातल्या ड्रिलने मोठे करून, संचातल्याच टॅपने नवे आटे पाडून इन्सर्ट बसवला की मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा लागतो, आणि ॲल्युमिनियममध्ये हे आटे मूळच्यापेक्षा टिकाऊ ठरतात. आट्यांना टेप गुंडाळणे किंवा एपॉक्सी भरणे हे पत्र्याच्या झाकणापुरते चालेल, ताण घेणाऱ्या बोल्टाला नाही. ब्रेक कॅलिपर, सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि सीट बेल्ट यांचे आटे गेले असतील, तर दुरुस्ती घरी करू नये.

प्रश्न : नवे बोल्ट बसवताना स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत का? आणि आट्यांना ग्रीस लावावे का?

उत्तर : स्टेनलेसचा मोह सोडावा. जुन्या बोल्टाच्या डोक्यावरचा वर्ग वाचून तोच घ्यावा. ८.८ वर्गाच्या बोल्टाची ताणशक्ती ८०० मेगापास्कल असते, तर बाजारात सहज मिळणाऱ्या ए२-७० वर्गाच्या स्टेनलेस बोल्टाची ७००. शिवाय ॲल्युमिनियममध्ये बसवलेल्या स्टेनलेस बोल्टाभोवती ओलावा आणि मीठ पोहोचले की ॲल्युमिनियम झपाट्याने खराब होते. ग्रीसऐवजी आटे धरू न देणाऱ्या अँटी-सीझ पेस्टचा पातळ हात सायलेन्सरच्या आणि गंजणाऱ्या बोल्टांना जरूर द्यावा, परंतु वंगणामुळे घर्षण घटते आणि त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून पुस्तिकेत कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेव्हा जसाच्या तसा वापरू नये. चाकांच्या नटांना आणि बोल्टांना पुस्तिकेत स्पष्ट सांगितले असल्याशिवाय काहीही लावू नये.